ज्युडीकडे बघा : ‘व्हर्टिगो’बद्दल वाचकांची पत्रं

झपाटलेपणावरचा एकच सिनेमा बघायचा असेल तर आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ बघा, असं मी मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते. उत्तरांत सिनेमाचं सगळं रहस्य उघड झालेलं आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी अंक बाजूला ठेवावा, आधी सिनेमा बघावा आणि मग इकडे यावं.

पाहून बरीच वर्षं झालेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. स्कॉटी फर्ग्युसन हा सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस डिटेक्टिव्ह. छपरांवरून चाललेल्या एका पाठलागात त्याला वाचवायला आलेला पोलीस खाली कोसळतो. स्कॉटीच्या मनात उंचीची धास्ती बसते आणि तो नोकरी सोडतो. गॅव्हिन एल्स्टर हा त्याचा कॉलेजचा मित्र. ‘माझ्या बायकोला, मॅडलिनला, तिच्या मेलेल्या पणजीनं, कार्लोटानं झपाटलंय, तिच्यावर नजर ठेव,’ अशी गळ तो स्कॉटीला घालतो. नजर ठेवता ठेवता स्कॉटी तिच्या प्रेमात पडतो. सॅन ह्वान बाउटिस्टाच्या मिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या जुन्या चर्चच्या, मनोऱ्यावरून ती पडते. त्याला जिना चढवत नाही, त्यामुळे तो तिला वाचवू शकत नाही. तो मनानं पार मोडतो. पुढे एक दिवस त्याला रस्त्यात हुबेहूब तसाच चेहरा दिसतो. ती दुकानात काम करणारी ज्युडी. स्कॉटी तिला कपडे, बूट, केस बदलायला लावून पुन्हा मॅडलिन बनवू बघतो. एल्स्टरनं बायकोचं सोंग घ्यायला उभी केलेली मुलगी हीच असते आणि मनोऱ्यावरून फेकलेलं प्रेत खऱ्या बायकोचं असतं.

प्रश्न : मी आणि माझ्या यजमानांनी मिळून ‘व्हर्टिगो’ पाहिला. सुरुवातीचा बराच वेळ नायक नुसता गाडीतून एका बाईच्या मागे फिरतो. मग रहस्य शेवटी कळायचं ते कितीतरी आधीच सांगून टाकलंय. पुढे बसायचं कशासाठी? आणि शेवट पाहून मला त्या माणसाचा इतका संताप आला की रात्री झोप लागेना. हे म्हणतात, ‘बिचाऱ्याला फसवलं.’ मी म्हणते, फसवलं खरं, पण त्यानं त्या मुलीचं काय केलं? आमच्यात कोणाचं बरोबर? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, तुमचा संताप अगदी योग्य जागी आहे. तिथपर्यंत टप्प्याटप्प्यानं येते.

पाठलागाचा भाग संथ आहे, यात वादच नाही. तो मुद्दाम तसा ठेवलाय. त्यात संवाद जवळजवळ नाहीत. गाडी, उताराचे रस्ते, थांबणं, बघणं आणि बर्नार्ड हरमनचं संगीत, एवढंच. त्यातला फुलांच्या दुकानाचा प्रसंग आठवा. मॅडलिन मागच्या गल्लीतून आत शिरते. स्कॉटी तिच्यामागून अंधाऱ्या खोलीतून जातो, एक दार किलकिलं करतो आणि समोर एकदम फुलांचा झगझगीत रंग. ती वळून त्याच्याच दिशेनं चालत येते. त्या दाराला आरसा आहे. त्यामुळे एकाच चौकटीत दोघं दिसतात : फटीतून चोरून बघणारा तो आणि आरशातली ती. तो बघतोय ते खरी बाई आहे की प्रतिबिंब, हा प्रश्न सिनेमा इथेच आपल्यापुढे ठेवतो, एक शब्दही न बोलता.

म्युझियममध्येही तसंच. मॅडलिन कार्लोटाच्या चित्रापुढे बसलेली असते. कॅमेरा तिच्या बाजूच्या पुष्पगुच्छावरून चित्रातल्या पुष्पगुच्छावर जातो, तिच्या अंबाड्याच्या वेटोळ्यावरून चित्रातल्या अंबाड्यावर जातो. हे दुवे स्कॉटी जोडतो आणि त्याच्याबरोबर आपणही जोडतो. हा सगळा भाग मी एकदा आवाज बंद करून पाहिला. तरी काही अडलं नाही. मग डोळे मिटून नुसता ऐकला, तेव्हा कळलं की कार्लोटाच्या संगीतात हबानेरा नाचाचा ठेका सतत खालून वाजत राहतो, मनातून न जाणाऱ्या एखाद्या विचारासारखा. एवढा वेळ तिच्यामागे फिरल्यावर ती कोण, कुठे चालली, हे जाणून घ्यायची ओढ आपल्यालाही लागलेली असते. ती ओढ लागायला तेवढा वेळ लागतोच.

आता रहस्य आधी फोडण्याबद्दल. बोआलो आणि नार्सजाक या फ्रेंच लेखकजोडीच्या ज्या कादंबरीवर सिनेमा बेतलाय, तिच्यात उलगडा अगदी शेवटी होतो. हिचकॉकनं तो पुढे खेचला. यावर त्याच्या आसपासच्या लोकांनी बरीच कुरकुर केली आणि तो स्वतःही प्रदर्शनाच्या तोंडावर डळमळला होता. तरी शेवटी तो प्रसंग राहिला, आणि माझ्या मते या सिनेमाचं मोठेपण त्या एका निर्णयात आहे.

काय होतं ते नीट बघा. स्कॉटी ज्युडीच्या हॉटेलातल्या खोलीतून बाहेर पडतो. कॅमेरा या वेळी त्याच्याबरोबर जात नाही, तिच्यापाशी थांबतो. ती वळते आणि आपल्याला तिच्या आठवणीतला मनोऱ्याचा खरा प्रसंग दिसतो. ती पळून जायची तयारी करते, त्याला पत्र लिहायला बसते, सगळं कबूल करते आणि मग पत्र फाडून टाकते. मॅडलिनचा तो करडा सूट कपाटात मागे सरकवते आणि जेवायला जायला दुसरे कपडे काढते. इथून पुढे सिनेमा तिचाही होतो. आधी आपण विचारत होतो, ‘ही कोण?’ आता विचारतो, ‘त्याला कळलं तर काय होईल, आणि तोवर हिला काय काय सोसावं लागेल?’ उलगडा शेवटी ठेवला असता तर आपल्याला क्षणभर धक्का बसला असता. इथे आपण पुढचा सगळा वेळ तिच्या बाजूनं धास्तावून बसतो.

म्हणून हा सिनेमा दुसऱ्यांदा बघा आणि या खेपेला सुरुवातीपासून ज्युडीकडे बघा. फुलांच्या दुकानात आपल्याला कोणीतरी बघतंय हे तिला ठाऊक आहे. रेस्टॉरंटमध्ये स्कॉटीच्या अगदी जवळ येऊन ती क्षणभर थांबते, तिचा चेहरा त्याला बाजूनं नीट दिसावा म्हणून. मनोऱ्याकडे धावण्याआधी ती त्याला म्हणते की हे असं व्हायला नको होतं, आणि मी तुला दुरावले तर एवढं लक्षात ठेव की माझं तुझ्यावर प्रेम होतं. पहिल्यांदा हे झपाटलेल्या मॅडलिनचं बोलणं वाटतं. दुसऱ्यांदा कळतं की ठरवून दिलेल्या भूमिकेत राहून ज्युडी जेवढं खरं बोलू शकत होती, तेवढं बोलून गेली.

आता तुमच्या दोघांच्या वादाकडे येते. स्कॉटीला फसवलं, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे. ज्युडी एका खुनात सामील होती, हेही खरं. पण कपडे, बूट, केस बदलायला लावण्याचा सगळा भाग घडतो तेव्हा स्कॉटीला या फसवणुकीचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी ती रस्त्यात भेटलेली, कॅन्ससमधल्या सलायनाहून आलेली, काहीही अपराध नसलेली एक अनोळखी मुलगी असते. अशा मुलीला तो मेलेल्या बाईच्या साच्यात कोंबत असतो. म्हणजे त्यानं तिच्याशी जे केलं ते फसवल्याच्या रागातून नाही केलेलं. राग फार पुढे येतो, ज्युडीच्या गळ्यात कार्लोटाच्या चित्रातला हार ओळखल्यावर. तेव्हा ‘बिचाऱ्याला फसवलं’ हे त्या वागण्याचं समर्थन होऊच शकत नाही. यजमानांना दुकानातला प्रसंग एवढं लक्षात ठेवून पुन्हा दाखवा. माझा कौल तुमच्या बाजूनं.

प्रश्न : जिन्यावरून खाली बघताना जमीन एकदम खोल जाते, तो शॉट संगणक नसताना कसा घेतला? (सिनेमाचा विद्यार्थी)

उत्तर : कॅमेरा मागे न्यायचा आणि त्याच वेळी झूम पुढे आणायचा. दोन्हींचा वेग जुळला की चौकटीच्या कडा जागच्या जागी राहतात, पण मधलं अंतर मात्र ताणलं जातं. डोकं स्थिर आणि पायाखालचं जग सरकतंय असं वाटतं. आता याला डॉली झूम म्हणतात आणि पुष्कळ जण त्याला ‘व्हर्टिगो’चंच नाव देतात. हे जमवलं दुसऱ्या युनिटचा कॅमेरामन अर्मिन रॉबर्ट्स यानं. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही, म्हणून इथे आवर्जून लिहिते.

१९४० च्या ‘रिबेका’ या आपल्या सिनेमापासून हिचकॉकच्या डोक्यात हा परिणाम घोळत होता, पण तेव्हा तो साधला नाही. ‘व्हर्टिगो’च्या वेळी अडचण होती ती खर्चाची. जिन्याच्या वर कॅमेरा टांगून तो खालीवर करायला ५०,००० डॉलर लागतील, असं त्याला सांगण्यात आलं. शॉट तर काही सेकंदांचा. त्या शॉटमध्ये माणूस दिसतच नाही, हे हिचकॉकच्या ध्यानात आलं. मग जिन्याची छोटी प्रतिकृती करून ती आडवी ठेवली आणि कॅमेरा रुळांवरून सरळ मागेपुढे नेला. खर्च आला १९,००० डॉलर. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या मुलाखतीत त्यानं हे आकडे स्वतः सांगितलेत. तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून सुचवते : ती मुलाखत पुस्तकरूपात आहे, ती वाचाच.

आणखी एक. मिशन खरं आहे, १७९७ सालचं, आणि त्याच नावाच्या गावात उभं आहे. पण सिनेमात दिसतो तो उंच मनोरा चित्रीकरणाच्या वेळी तिथे नव्हता. तो स्टुडिओच्या करामतीनं वर चढवलाय. सगळ्या सिनेमाचा भार ज्या वास्तूवर आहे तीच नाही, हे कळल्यापासून मला तो सिनेमा जास्तच आवडायला लागला.

प्रश्न : स्कॉटी जिना चढून वर पोहोचला असता तर? एल्स्टरला एवढी खात्री कशी? (एक वाचक)

उत्तर : खात्री असायचं काहीच कारण नाही. हे कथानकातलं भोक आहे आणि ते आपल्याला खटकतं, असं हिचकॉकनंच त्रुफोला सांगितलं होतं. मला मात्र ते फारसं टोचत नाही, कारण एल्स्टरच्या कटात या सिनेमाला रसच नाही. उलगड्यानंतर तो गोष्टीतून जवळजवळ नाहीसाच होतो.

प्रश्न : ताई, कपड्यांच्या दुकानातला सीन आला आणि मी सिनेमा थांबवला. ज्याच्याशी माझं लग्न ठरतंय तो मी कोणते कपडे घालायचे, केस कसे ठेवायचे, हे सांगत असतो. रागावून नाही, प्रेमानंच. ‘तुला हे शोभतं’ म्हणतो. मी ते कौतुक समजत होते. ज्युडी ‘नको’ म्हणते तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी उगीच मनावर घेतेय का? (नाव देऊ नये)

उत्तर : उगीच नाही गं. पोटात गोळा आला तर त्याला कारण असतं. निदान ते तपासून बघावं.

तू जिथे थांबवलास तो प्रसंग आपण दोघी मिळून बघू. स्कॉटी ओरडत नाही. हात उगारत नाही. तो पैसे देतो, नम्रपणे बोलतो, बरोबर घेऊन फिरतो. दुकानातली बाई तर कौतुकानं म्हणते की या गृहस्थांना काय हवं ते नेमकं ठाऊक आहे. बाहेरून बघणाऱ्याला तो हौशी प्रियकरच वाटेल. ज्युडीला एक वेगळा ड्रेस आवडलेला असतो, त्याकडे तो बघतही नाही. त्याला तो करडा सूटच हवा असतो. मग बूट. मग केसांचा रंग. ती विनवते की मी आहे तशी तुला नाही का आवडणार? त्यावर तो म्हणतो की तुला त्यानं काय फरक पडतो! हे वाक्य तो विनंतीच्या सुरात म्हणतो, म्हणून ते जास्त लागतं. तिचे केस, आणि फरक पडायचा तो मात्र त्याला. शेवटी ती हार मानते. मी बदलले तर तू माझ्यावर प्रेम करशील का, असं विचारते आणि तयार होते.

यापुढचं तू पाहिलेलं नाहीस. केस रंगवून, तोच सूट घालून ती परत येते. आता तरी तो खूश होईल असं आपल्याला वाटतं. त्याचा चेहरा उतरतो. अंबाडा घातलेला नसतो! केस मागे घेऊन बांधायला हवे होते, मी त्यांना सांगितलं होतं, असं तो म्हणतो. तिनं स्वतःचं एवढं पुसून टाकलं, तरी त्याची नजर राहिलेल्या एका गोष्टीवर जाते. ती न्हाणीघरात जाते, केस बांधते आणि हॉटेलच्या पाटीच्या हिरव्या उजेडातून बाहेर येते. पुष्कळ जण या प्रसंगाला सिनेमाच्या इतिहासातला अतिशय सुंदर क्षण म्हणतात आणि तो सुंदर आहेच. पण तेव्हा स्कॉटीच्या ओल्या डोळ्यांइतकंच ज्युडी आणि मॅडलिन झालेल्या किम नोव्हाकच्या चेहऱ्याकडे बघ. त्याला आता तरी आपण दिसू, ही आशा तिच्या चेहऱ्यावर आहे.

किम नोव्हाकला हे बाहेरून शिकावं लागलं नाही. तिचं मूळ नाव मॅरिलिन. स्टुडिओनं ते बदललं, आडनावही बदलायला निघाले होते, पण ते तिनं हट्टानं राखलं. या सिनेमातला करडा सूट आणि काळे बूट तिला आवडले नव्हते, तिनं तसं सांगितलंही होतं. पुढे तिनं ती अवघडलेली भावना मॅडलिनच्या कामी लावली. ज्युडीचं दुखणं आपल्याला का समजलं हे सांगताना ती हॉलिवूडनं आपल्याला कसं घडवायचा प्रयत्न केला, त्याबद्दल बोलत असे.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला मी ओळखत नाही, आणि एखादा रंग तुला शोभतो असं म्हणणारा प्रत्येक माणूस स्कॉटी नसतो. पण एक कर. त्यानं सुचवलेल्या एखाद्या साध्या गोष्टीला शांतपणे ‘मला हेच आवडतं’ असं सांग, आणि तेच घालून त्याच्याबरोबर बाहेर जा. तो हसून सोडून देतो, की गप्प होतो, फुगतो, पुन्हा पुन्हा तिथेच येतो, ते बघ. हे एकदाच करून थांबू नकोस. त्याचं वागणं बघून तुझी भीती वाढली तर घरात ज्यांच्याशी मोकळेपणानं बोलता येतं त्यांच्याशी लग्नाआधी बोल. लग्न ठरतंय, अजून ठरलेलं नाही, हे तूच लिहिलंयस. आणि राहिलेला सिनेमा एकटीनं बघू नकोस, मैत्रिणीला बरोबर घे. मला पुन्हा पत्र टाक. छापणार नाही, पण उत्तर नक्की देईन.

प्रश्न : हा जगातला सर्वोत्तम सिनेमा, असं वाचलं. खरंच का? आणि कोणती प्रत बघावी? (एक वाचक)

उत्तर : १९५८ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याचं स्वागत बेताचंच झालं. ऑस्करची दोन नामांकनं मिळाली, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांसाठी. बक्षीस एकही नाही. १९७३ पासून दहाएक वर्षं तर तो चित्रपटगृहात बघायलाच मिळत नव्हता, कारण तो आणि आणखी चार चित्रपट हक्क असलेल्या हिचकॉकनंच बाजूला ठेवले होते. हिचकॉक १९८० मध्ये वारल्यानंतर ते पुन्हा लोकांसमोर आले. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. २०१२ मध्ये त्यात ‘व्हर्टिगो’ पहिला आला आणि पन्नास वर्षं अव्वल असलेला ‘सिटिझन केन’ दुसरा गेला. २०२२ मध्ये शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा ‘जान दिलमान’ पहिला आला, ‘व्हर्टिगो’ दुसरा. पहिला की दुसरा, याचं मला महत्त्व वाटत नाही. इतक्या समीक्षकांना तो पुन्हा बघावासा वाटतो, ही गोष्ट मात्र मला मोठी वाटते.

प्रत १९९६ च्या जीर्णोद्धारानंतरचीच बघा. रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी विटलेल्या रंगांतून ती उभी केली. तिच्यात रेस्टॉरंटच्या लाल भिंती आणि त्यापुढचा मॅडलिनचा हिरवा पोशाख जसे दिसायला हवेत तसे दिसतात. त्या वेळी पावलांचे, बंदुकीचे वगैरे आवाज मात्र नव्याने भरले गेले आणि ते पुष्कळांना रुचले नाहीत, मलाही नाही. तुमच्या प्रतीत मूळ मोनो आवाजाचा पर्याय दिसला तर तोच निवडा. मोबाइलवर बघू नका. खोलीत अंधार करा आणि सुरुवातीची नामावली पुढे ढकलू नका. नामावली रचणाऱ्या सॉल बासची ती डोळ्यातून फिरत निघणारी वर्तुळं आणि त्यांच्याबरोबर चढणारे-उतरणारे हरमनचे सूर, इथूनच सिनेमा सुरू झालेला असतो.